गोदामातील यंत्र आणि हमालाचा जीव

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर पसरलेला आदिलाबादचा प्रदेश हा काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा मुलूख होय. उत्तरेस यवतमाळ व चंद्रपूर, पश्चिमेस नांदेडचा किनवट परिसर, आणि मधून जाणारा उत्तर-दक्षिण राष्ट्रीय महामार्ग अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगण राज्यात, अशी त्याची राजकीय वाटचाल झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मूळ जिल्ह्याचे चार भाग होऊन निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद हे स्वतंत्र जिल्हे बनले. नकाशे बदलले, परंतु जैनद, बेला, तामसी या भागांतील घराघरांतून बोलली जाणारी मराठी बदलली नाही आणि दसऱ्यानंतर बाजार आवाराकडे निघणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांगही बदलली नाही.

या रांगेच्या शेवटी जो मनुष्य उभा असतो, त्याच्याविषयी प्रस्तुत लेखात काही माहिती देण्याचा विचार आहे. शेतकऱ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, व्यापाऱ्याविषयीही लिहिले जाते. हमालाविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. कापूस तोलला गेला, जीनमध्ये सरकी वेगळी झाली, रुईच्या गाठी बांधल्या गेल्या, गाठी वखारीत रचल्या गेल्या आणि तेथून मालमोटारीत वा रेल्वेच्या डब्यात चढल्या. या प्रत्येक पायरीवर कोणाची तरी पाठ आणि कोणाचे तरी मनगट खर्ची पडत असते.

रुईची एक गाठ आजच्या प्रमाणानुसार १७० किलोग्रॅमची असते. जुन्या हिशेबात ती ३९२ पौंडांची, म्हणजे अर्ध्या खंडीची धरीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोग्रॅमपर्यंत खाली आणावी असे सुचविले आहे. म्हणजे एक गाठ ही तीन माणसांच्या मर्यादेहूनही थोडी जड. म्हणून ती कोणी एकटा उचलीत नाही. लोखंडी आकडे रोवून तीन-चार जण तिला लोळवतात, फळीवरून चढवतात आणि थप्पीवर ढकलतात. या कामात आकडा निसटला, फळी घसरली किंवा एकाचा पाय चुकला तर उरलेल्या तिघांवर सर्व भार येतो. धान्याच्या गोदामात पूर्वी शंभर किलोग्रॅमची पोती सर्रास पाठीवर घेतली जात. पुष्कळ वर्षांच्या मागणीनंतर पन्नास किलोग्रॅमचे पोते रूढ झाले. मणक्याचे, गुडघ्याचे व मानेचे जे दुखणे जुन्या हमालांत आढळते, ते एका दिवसात आलेले नसते. म्हणूनच ते कोणत्याही अपघाताच्या नोंदवहीत सापडत नाही.

अशा अवस्थेत ओझे उचलणारे यंत्र गोदामात आले, तर त्याचे स्वागतच व्हावयास हवे. फोर्कलिफ्ट या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे हे यंत्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांत आकारास आले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानाच्या हालचालींसाठी त्याचा फार मोठा प्रसार झाला. आपल्याकडे बंदरे व मोठे कारखाने यांत ते पुष्कळ वर्षांपासून आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर प्रत्येक राज्यात लहान लहान वखारी ठेवण्याची गरज व्यापाऱ्यांना उरली नाही. परिणामी भिवंडी, पनवेल, चाकण, तसेच हैदराबादनजीक शमशाबाद व मेडचल या परिसरात प्रचंड गोदामे उभी राहिली. सीमाभागातील जे तरुण कापसाच्या हंगामात गाठी ओढतात, त्यांच्यापैकी कित्येक हंगाम संपल्यावर या गोदामांत कामास जातात. यंत्राची आणि त्यांची पहिली भेट बहुधा तेथे होते. आता काही जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातही हे यंत्र दिसू लागले आहे.

आदिलाबादकडील एका आवारात प्रस्तुत लेखकाने एका वयस्क हमालास या यंत्राविषयी विचारले असता त्याने दिलेले उत्तर पाच-सहा शब्दांचेच होते: “साहेब, हे मशीन मागून मारते.” आमच्यासारख्या वाङ्मयाच्या पदवीधरास या वाक्याचा उलगडा प्रथम झाला नाही. नंतर यंत्रशास्त्र जाणणाऱ्यांकडून समजून घेतले, तेव्हा त्या एका वाक्यात पुस्तकाचे एक प्रकरण सामावलेले आहे असे ध्यानी आले.

मोटारीची पुढची चाके वळतात आणि मागची चाके त्यांच्या मागोमाग जातात. फोर्कलिफ्टमध्ये नेमके उलट आहे. तिचे वळणे मागच्या चाकांवर अवलंबून असते. त्यामुळे चालकाने यंत्र डावीकडे वळविले की त्याचा मागचा भाग झपाट्याने उजवीकडे फेकला जातो. हा मागचा भाग पोकळ नसतो. पुढच्या ओझ्याचा तोल राखण्यासाठी तेथे लोखंडाचा भरीव प्रतिभार बसविलेला असतो. दोन टन उचलणारे यंत्र स्वतः साडेतीन-चार टन वजनाचे असते. काट्यांपासून दूर, यंत्राच्या बाजूस वा पाठीमागे उभा असलेला मनुष्य स्वतःस सुरक्षित समजतो, आणि भिंत व यंत्र यांच्यामध्ये तोच सापडतो. ताशी दहा किलोमीटर ही गती ऐकण्यास अगदी किरकोळ वाटते. पण त्या गतीने यंत्र एका सेकंदास जवळजवळ तीन मीटर पुढे जाते, आणि चालकाच्या मनात “थांबावे” असा विचार येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो. भरलेले यंत्र सहा टनांचे असते, हेही येथे लक्षात घ्यावे.

तराजू आणि चूल

यंत्र कलंडते कसे, हे बाजार आवारातील तोलाईदारास समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत. फोर्कलिफ्ट हा एक मोठा तराजूच आहे. पुढची चाके म्हणजे त्या तराजूचा मधला आधार. एका बाजूस काट्यांवरील माल, दुसऱ्या बाजूस यंत्राचा प्रतिभार. माल आधारापासून जितका दूर सरकेल, तितके त्याचे बळ वाढते.

यंत्रावर एक पत्रा ठोकलेला असतो आणि त्यावर उचलण्याची क्षमता लिहिलेली असते. समजा, ती दोन हजार किलोग्रॅम आहे. हा आकडा मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून एका ठराविक अंतरावर, बहुधा ५० सेंटिमीटरवर आहे असे धरून दिलेला असतो. चाकाच्या आसापासून काट्यांचे मूळ ४० सेंटिमीटरवर असेल, तर एकंदर अंतर ९० सेंटिमीटर होते. आता रुईच्या गाठी अशा लावल्या की त्यांचा मध्य ५० ऐवजी ९० सेंटिमीटरवर गेला. एकंदर अंतर १३० सेंटिमीटर झाले. तेच यंत्र आता दोन हजार नव्हे, तर सुमारे १,३८५ किलोग्रॅमच पेलू शकेल. आठ गाठींचे वजन १,३६० किलोग्रॅम होते, म्हणजे त्या जेमतेम बसतात. नववी गाठ ठेवली की वजन १,५३० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. मुकादम म्हणतो, “दोन टनाचे मशीन आहे, नऊ गाठी म्हणजे दीड टन, घाल आणखी एक.” त्याचा गुणाकार बरोबर असतो, पण अंतर त्याच्या हिशेबात येत नाही. प्रत्येक यंत्राचे खरे आकडे त्याच्या पत्र्यावरूनच घ्यावयाचे असतात. येथे दिलेले उदाहरण केवळ समजुतीसाठी आहे. दुर्दैवाने पुष्कळ जुन्या यंत्रांवरील तो पत्रा रंगाखाली बुजलेला किंवा निखळून पडलेला असतो.

हे झाले पुढे कलंडण्याविषयी. बाजूस कलंडणे अधिक घातक असते, आणि त्यासाठी तीन दगडांच्या चुलीचा दाखला घ्यावा. यंत्रास चाके चार असली तरी मागचा आस मधोमध एका खिळीवर डोलत असतो. म्हणून त्याचे खरे आधार तीनच धरले जातात: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू. चुलीवरील भांड्याचा भार तीन दगडांच्या आत आहे तोवर भांडे स्थिर राहते. तो बाहेर गेला की भांडे उपडे होते. माल उंच उचलून यंत्र चालविले, उतारावर आडवे वळविले किंवा भरधाव असता एकदम चाक फिरविले, की भार या त्रिकोणाबाहेर जातो. म्हणूनच चालताना काटे जमिनीपासून वीतभरापेक्षा वर नसावेत, असा दंडक आहे. भरलेले यंत्र चढावर जाताना माल पुढे आणि उतारावरून येताना यंत्र उलटे चालवावे, म्हणजे दोन्ही वेळी माल चढाच्या बाजूस राहतो.

कलंडणाऱ्या यंत्रातून उडी मारणे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे, आणि तीच त्याचा घात करते. चालक ज्या बाजूस उडी मारतो त्याच बाजूस यंत्र येते, आणि डोक्यावरील संरक्षक चौकटीची कड त्याच्या अंगावर पडते. बसण्याचा पट्टा बांधलेला असावा, हातांनी चाक घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र पडत असेल त्याच्या विरुद्ध दिशेस अंग झुकवावे, असे शिकविले जाते. उडी न मारण्याचे हे शिक्षण ऐन वेळी सुचणारे नव्हे. ते आधी अंगवळणी पडलेले असावे लागते.

अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९८० ते १९९४ या पंधरा वर्षांतील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा फोर्कलिफ्टमुळे १,०२१ कामगार दगावल्याचे आढळले. त्यांपैकी २२ टक्के मृत्यू यंत्र कलंडल्याने आणि २० टक्के पायी चालणाऱ्या मनुष्यास धडक बसल्याने झाले होते. या दुसऱ्या आकड्याकडे हमालांनी विशेष लक्ष द्यावे. हे लोक यंत्र चालवीत नव्हते. केवळ त्याच्या आसपास आपले काम करीत होते.

थप्पी

यंत्राचा विचार करताना थप्पीस विसरून चालणार नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी विजयपूर शहराजवळील अलियाबाद औद्योगिक वसाहतीत मक्याच्या एका गोदामात साठवणीचा भाग कोसळून कामगार मालाखाली गाडले गेले. सात जण मृत्यू पावले. ते सर्व बिहारमधून पोटासाठी आलेले होते. तेथे फोर्कलिफ्टचा संबंध नव्हता, पण रचलेला माल कोसळला म्हणजे काय होते, ते त्या रात्री सर्वांनी पाहिले. पन्नास किलोग्रॅमची वीस पोती म्हणजे एक टन. थप्पीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसावर काही टन माल यावयास निमिषभर पुरते.

थप्पी कोसळण्याची कारणे वखारीत काम करणारांस नवीन नाहीत. खालची लाकडी बैठक एका बाजूस खचलेली असते. थरांची आडवी-उभी सांधणी न करता पोती एकावर एक सरळ चढविलेली असतात. घाईच्या वेळी वरून पायऱ्या-पायऱ्यांनी माल न काढता खालच्या थरातून पोते ओढले जाते. यात आता यंत्राची भर पडली आहे. काट्याचे टोक नेमके न बसल्यास ते पोते फाडते. फाटलेल्या पोत्यातून धान्य वाहू लागले की तो थर हळूहळू बसतो, आणि थप्पी त्याच दिवशी नव्हे, तर दोन दिवसांनी, कोणी जवळ असताना झुकते.

रुईच्या गोदामात आणखी एक धोका असतो, तो अग्नीचा. गाठीवरील लोखंडी पट्टीस काटा घासला की ठिणगी उडू शकते. डिझेलवर चालणाऱ्या यंत्राच्या धुराड्यातूनही ठिणग्या पडतात. गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी वरून दिसत नाही. ती तासन्‌तास, कधी त्याहूनही अधिक काळ आत धुमसत राहते. म्हणून अशा ठिकाणी विजेच्या घटावर चालणारे यंत्र, काट्यांऐवजी दोन्ही बाजूंनी गाठ आवळून धरणारे पंजे, आणि डिझेलचे यंत्र असेलच तर धुराड्यास ठिणगीरोधक जाळी असावी. जीनमध्ये कापूस लोटण्याचे व झाडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. यंत्राच्या वाटेवर त्या वाकून काम करीत असतात आणि गाठींच्या आडून येणाऱ्या चालकास दिसत नाहीत. पदर व ओढणी यांविषयी त्यांना सांगितले जाते, ते योग्यच आहे. परंतु यंत्राची वाट आणि माणसाची वाट चुन्याच्या पट्ट्याने वेगळी करणे हे मालकाचे काम आहे.

नावाची नोंद

आता ज्या प्रश्नावर सर्व काही येऊन ठरते, त्याकडे वळू. अपघात झाला, पाय चिरडला, तर पुढे काय?

हमाल हा बहुधा टोळीने काम करतो. मजुरी मुकादमाकडे येते आणि तेथून वाटली जाते. गोदामाच्या हजेरीपुस्तकात टोळीचे नाव असते, माणसाचे नसते. जखमी झालेला मनुष्य त्या दिवशी त्या जागी कामास होता, हे सिद्ध करणेच मग कठीण होऊन बसते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी जो अधिनियम केला, त्याचे मर्म या नोंदीतच आहे. कै. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या माथाडी चळवळीचा त्यामागे मोठा वाटा होता. या व्यवस्थेत मालक व कामगार या दोघांची मंडळाकडे नोंदणी होते, मजुरी मंडळामार्फत दिली जाते, मालकाकडून मजुरीवर अधिभार घेऊन भविष्यनिर्वाह व इतर लाभ दिले जातात, आणि नोंदलेल्या कामगारास अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदाही लागू केलेला आहे. पूर्वीच्या आंध्र प्रदेश राज्याने १९७६ मध्ये मुट्टा, जट्टू, हमाल व इतर अंगमेहनती कामगारांसाठी अधिनियम केला. मुट्टा आणि जट्टू हे टोळीने ओझी वाहणाऱ्या श्रमिकांस लावले जाणारे तेलुगू शब्द आहेत. नदीच्या दोन्ही तीरांवरील विधिमंडळांना सात वर्षांच्या अंतराने एकाच माणसाची आठवण झाली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते.

सुरक्षिततेच्या कायद्यात मात्र पुष्कळ वर्षे एक फट होती. १९४८ चा कारखाने अधिनियम कारखान्यास लागू होता. गाठी बांधणारा प्रेस त्याच्या कक्षेत येई. पण नुसते गोदाम, जेथे केवळ माल ठेवला व काढला जातो, ते बहुधा कक्षेबाहेर राही. एकाच यंत्राने प्रेसच्या आवारात माणूस जखमी झाला तर कारखाने निरीक्षकांची तपासणी, आणि रस्त्यापलीकडील वखारीत झाला तर केवळ पोलिसांचा पंचनामा, असा विचित्र प्रकार होत असे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा विचार केलेला आहे, आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. कामावर घेताना नियुक्तिपत्र देण्याची तरतूदही त्यात आहे. टोळीतील हमालाच्या हाती असे पत्र प्रत्यक्षात पडते की नाही, हे पाहावयाचे आहे.

नुकसानभरपाईचे तत्त्व १९२३ च्या अधिनियमापासून चालत आले असून ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. कामामुळे व काम चालू असताना झालेल्या अपघातात मृत्यू ओढवल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस, आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेस, वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाते. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण गमावलेली वर्षे अधिक. काम कंत्राटदाराचे होते म्हणून मूळ मालकास हात झटकता येत नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारास या भरपाईऐवजी त्या योजनेचे लाभ मिळतात.

व्यवहारात अडचण येते ती पुराव्याची. म्हणून अपघात घडताच काही गोष्टी टोळीतील सोबत्यांनीच करावयाच्या आहेत. जखमीस रुग्णालयात दाखल करताना “घरी पडला” असे लिहवून घेण्याचा आग्रह कोणी धरीत असेल, तर तो मानू नये. गोदामाचे नाव, वेळ आणि यंत्राचा उल्लेख केसपेपरवर करून घ्यावा. पोलिसांकडील नोंदीची प्रत मागून घ्यावी. त्या दिवशी सोबत असलेल्या किमान दोघांची नावे लिहून ठेवावीत. मजुरीचे पैसे मोबाइलवरून आले असतील तर ती नोंद पुसू नये. मालकाने रोख रक्कम देऊन कोऱ्या कागदावर अंगठा वा सही मागितली, तर ती देऊ नये. भरपाईची रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा होऊन तेथून मिळावयाची असते. अर्ज करण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे.

ज्या वयस्क हमालाचे वाक्य वर दिले आहे, त्याच्या उजव्या पायाची दोन बोटे यंत्राच्या मागच्या चाकाखाली गेलेली होती. त्याने कोठेही अर्ज केला नव्हता. किती वर्षे झाली, असे विचारता त्याने बोटांवर मोजून सांगितले, “मामाच्या पोरीच्या लग्नाच्या साली, म्हणजे तिसरं चालू आहे, साहेब.”